दर्यासमोरचे नवे घर आणि परदेशस्थ खरेदीदार

भारतात घर विकत घेऊ पाहणाऱ्या परदेशस्थाची पहिली परीक्षा पासपोर्टची असते आणि दुसरी मुक्कामाची. पैशाचा विचार त्यानंतर येतो. ‘परदेशस्थ’ या एका शब्दाखाली बोलण्याच्या ओघात निदान तीन प्रकारची माणसे येतात: भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणारा अनिवासी भारतीय, परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा माणूस आणि भारताशी रक्ताचे नाते नसलेला परदेशी नागरिक. तिघांनाही मालवणजवळच्या किंवा अलिबागच्या नव्या इमारतीतला एकच फ्लॅट आवडू शकतो. त्यातल्या कोणाला तो घेता येईल, हे विदेशी चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, ठरवतो.

फेमा १९९९ मध्ये संमत झाला आणि १ जून २००० पासून लागू झाला. त्याआधी १९७३ चा ‘फेरा’ होता. त्या काळात परदेशी नागरिकाला भारतात स्थावर मालमत्ता घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची वाट पाहावी लागे. आता भारतीय वंशाच्या बहुतेकांना ती वाट पाहावी लागत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या बिगर-कर्ज साधनांच्या नियमांत स्थावर मालमत्तेचे वेगळे प्रकरण आहे आणि सध्याचा व्यवहार त्यावर चालतो.

कायद्याच्या या वर्गवारीचा अर्थ एका घराच्या उदाहरणातून चटकन कळतो. नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीहून निघालेल्या माणसाला खारा वारा लागण्यासाठी सुरतेकडे उतरावे लागते नाहीतर घाट ओलांडून कोकणात यावे लागते. समजा, या गावातल्या एका शेतकरी कुटुंबातला मोठा मुलगा मस्कतला नोकरीला आहे आणि त्याचा पासपोर्ट भारतीय आहे. धाकटी मुलगी अमेरिकेची नागरिक झाली आहे, तिच्याकडे ‘ओसीआय’ (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे आणि तिचा नवरा जन्माने अमेरिकन आहे. भावाबहिणींनी मिळून रत्नागिरीकडे समुद्राजवळ फ्लॅट घ्यायचे ठरवले, तर दोघांनाही कोणाची परवानगी लागत नाही. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक यांना निवासी आणि व्यापारी मालमत्ता हव्या तेवढ्या घेता येतात. संख्येवर बंधन नाही. जावयाला स्वतंत्रपणे फ्लॅट घेता येणार नाही. मात्र तो पत्नीबरोबर संयुक्त नावाने एक मालमत्ता घेऊ शकतो. त्यासाठी लग्न नोंदणीकृत असावे लागते आणि खरेदीच्या आधी ते सलग दोन वर्षे तरी टिकलेले असावे लागते.

ओसीआय योजना ९ जानेवारी २००६ रोजी, प्रवासी भारतीय दिनाच्या हैदराबाद अधिवेशनात सुरू झाली. भारतीय वंशाच्या व्यक्तींचे जुने ‘पीआयओ’ कार्ड ९ जानेवारी २०१५ रोजी तिच्यात विलीन करण्यात आले. तिला मराठीत अनेकदा ‘दुहेरी नागरिकत्व’ म्हटले जाते, पण ते खरे नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ओसीआय कार्ड हा आजन्म व्हिसा आणि काही आर्थिक बाबतींत अनिवासी भारतीयांच्या बरोबरीचा दर्जा आहे. घर घेण्याचा हक्क त्या बरोबरीतून येतो, मतदानाचा येत नाही.

आता याच कुटुंबाच्या शेतीकडे पाहावे. अमेरिकन झालेल्या मुलीला वडिलांच्या पश्चात ब्राह्मणपुरीच्या काळ्या जमिनीतला वाटा वारसाहक्काने मिळू शकतो आणि तो तिला ठेवताही येतो. त्याच शिवारात शेजारचे एक गुंठा शेत मात्र तिला विकत घेता येत नाही, आणि तिच्या मस्कतवासी भावालाही नाही. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे या तीन गोष्टी अनिवासी भारतीय आणि ओसीआय दोघांच्याही खरेदीच्या बाहेर आहेत. वारशाने आलेली शेती विकायची झाली, तर ती भारतात कायम राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. महाराष्ट्राचा कूळकायदा त्यावर आणखी एक अट घालतो: घेणारा शेतकरी हवा. किनाऱ्यावरच्या व्यवहारात हा मुद्दा वरवर दिसतो त्यापेक्षा फार महत्त्वाचा आहे. ‘सी-व्ह्यू प्लॉट’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कित्येक तुकड्यांचा सातबारा अजून शेतीचाच असतो. बिगरशेती आदेश निघण्यापूर्वी असा तुकडा परदेशस्थाने घेतला, तर तो व्यवहार फेमाच्या विरुद्ध जातो, मग बांधून मिळणारे घर कितीही सुंदर असो. त्या मानाने मंजूर इमारतीतला फ्लॅट हा परदेशस्थासाठी सरळ मार्ग आहे.

भारतीय वंशाचा नसलेला आणि भारताबाहेर राहणारा परदेशी नागरिक फ्लॅट विकत घेऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने तो घर घेऊ शकतो. तो भारतात राहायला आला आणि फेमाच्या अर्थाने ‘निवासी’ झाला, तर मात्र चित्र बदलते. त्यासाठी मागच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा जास्त मुक्काम हवा आणि तो मुक्काम नोकरीसाठी, व्यवसायासाठी किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने झालेला असावा. पर्यटक व्हिसावरचे दिवस मोजून हा दर्जा मिळत नाही. गोव्यात या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक परदेशी नागरिकांनी पर्यटक व्हिसावर येऊन किनाऱ्याजवळ घरे-जमिनी घेतल्या आणि पुढे सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीला तोंड दिले. घर विकणाऱ्याने, दलालाने आणि काही वेळा वकिलानेही त्यांना दिवस मोजायला शिकवले होते. इराद्याची अट कोणी सांगितली नव्हती.

काही देशांच्या नागरिकांसाठी वेगळी यादी आहे. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, अफगाणिस्तान, चीन, इराण, नेपाळ, भूतान, हाँगकाँग, मकाऊ आणि उत्तर कोरिया येथील नागरिकांना रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय, भारतात राहत असले तरी, घर घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा त्यांनाही चालतो. ओसीआय कार्डधारकांना ही बंदी लागू नाही.

गोव्याचे एक वैशिष्ट्य इथेच नोंदवले पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. ते मिळताच भारतीय नागरिकत्व संपते आणि म्हापशाचा किंवा मडगावचा माणूस स्वतःच्या गावातच ‘परदेशी खरेदीदार’ ठरतो. ओसीआय कार्ड हाती येईपर्यंत त्याने कोणताही करार करू नये. गोव्यात विकणारा विवाहित असेल, तर पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या सामाईक मालमत्तेच्या तत्त्वामुळे पती आणि पत्नी दोघांची सही लागते. सातबाऱ्याच्या जागी तिथे ‘फॉर्म १ आणि १४’ असतो आणि बिगरशेतीच्या आदेशाला ‘सनद’ म्हणतात.

जगात इतरत्र नियमांची धाटणी वेगळी आहे. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी परदेशी लोकांना जुनी, वापरातली घरे घेण्यास मनाई केली, पण नव्या बांधकामाचा मार्ग खुला ठेवला. परदेशी पैशाने घरांचा साठा वाढावा, हा त्यामागचा विचार. थायलंडमध्ये एका कॉन्डोमिनियमच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसमध्ये परदेशी लोकांना ठरावीक योजनांखालीच किनाऱ्यावर घर मिळते आणि पुरेशी मोठी रक्कम गुंतवली तर राहण्याचा परवानाही मिळतो. दुबईतही २० लाख दिरहमच्या मालमत्तेवर दीर्घ मुदतीचा निवासी व्हिसा मिळू शकतो. भारतात नवे-जुने असा भेद नाही, आणि घर घेतले म्हणून राहण्याचा हक्कही मिळत नाही.

भरतीची रेषा

खरेदीदाराची पात्रता निश्चित झाली, की प्रश्न इमारतीच्या पात्रतेचा. झाईपासून रेडीपर्यंतच्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कोणती इमारत कुठे उभी राहू शकते, हे किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचना सांगतात. लोक त्याला ‘सीआरझेड’ म्हणतात. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, दुसरी ६ जानेवारी २०११ ची आणि तिसरी १८ जानेवारी २०१९ ची. साधारणपणे उधाणाच्या भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूला ५०० मीटरचा पट्टा या नियमनाखाली येतो. खाड्यांच्या काठालाही ते लागू आहे, पण तिथला पट्टा अरुंद असतो: २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल ते, तर २०१९ च्या अधिसूचनेत १०० ऐवजी ५० मीटर.

या पट्ट्याचे वर्ग आहेत. खारफुटी, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे, वाळूची टेकाडे अशा नाजूक जागा पहिल्या वर्गात. पाणी, रस्ते, गटारे असलेला आणि किनाऱ्यापर्यंत बांधून झालेला शहरी भाग दुसऱ्या वर्गात. उरलेला, बहुतांशी ग्रामीण किनारा तिसऱ्या वर्गात. कोकणातला ‘बीच टच’ फ्लॅट पाहणाऱ्याने या तिसऱ्या वर्गाचा नियम पाठ करावा. तिथे भरतीरेषेपासूनचा पहिला पट्टा ‘ना विकास क्षेत्र’ असतो. २०११ मध्ये तो सरसकट २०० मीटर होता. २०१९ मध्ये, २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात तो ५० मीटर झाला आणि बाकी ठिकाणी २०० मीटरच राहिला. त्यापलीकडे ५०० मीटरपर्यंत घरे बांधता येतात, पण ती स्थानिकांच्या परंपरागत हक्कांच्या चौकटीत, तळमजला अधिक एक मजला आणि ९ मीटर उंचीच्या आत. म्हणजे एखाद्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत वाळूपासून दीडशे मीटरवर सहा मजली इमारतीतल्या फ्लॅटची जाहिरात दिसली, तर पुढचे काहीही पाहण्याआधी भरतीरेषेचा अधिकृत नकाशा पाहिला पाहिजे. तो नकाशा किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा भाग असतो आणि महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाहता येतो. समोर खारफुटी असेल तर आणखी एक रेषा येते: मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टा बांधकामासाठी बंद ठेवला.

हा नियम मोडल्यावर काय होते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण केरळमधल्या मराडूचे आहे. कोचीजवळच्या या गावात तेव्हाच्या ग्रामपंचायतीने २००६ च्या सुमारास पाण्यालगतच्या उंच इमारतींना परवाने दिले. फ्लॅट विकले गेले, नोंदणी झाली, घरपट्टी लागली, बँकांनी कर्जे दिली. घेणाऱ्यांत आखाती देशांत राहणारे मल्याळी होते. ती जागा सीआरझेडच्या तिसऱ्या वर्गात होती आणि किनारी प्राधिकरणाची परवानगी घेतलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० या दोन दिवसांत चार संकुले सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आली. न्यायालयाने प्रत्येक फ्लॅटधारकाला २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई देववली. घरपट्टीची पावती, विजेचे बिल, बँकेचे कर्ज यांपैकी एकही कागद त्या इमारती वाचवू शकला नाही. महाराष्ट्रात कुलाब्याच्या ‘आदर्श’ या ३१ मजली इमारतीबाबत जानेवारी २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाडण्याचाच आदेश दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. बँक कर्ज देते आहे म्हणजे कागद स्वच्छ असणार, हा परदेशस्थांमध्ये फार खोल रुजलेला समज आहे आणि तो धोकादायक आहे.

सातबाऱ्यावरची नावे

कोकणच्या जमिनीचा इतिहास देशावरच्या जमिनीसारखा सरळ नाही. शहाद्याकडच्या शेतावर बापाचे आणि मुलांचे नाव असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एका सातबाऱ्यावर खोतीच्या काळापासून चालत आलेल्या कुटुंबातल्या वीस-तीस सहहिस्सेदारांची नावे आढळतात. त्यातले निम्मे मुंबईत, काही परदेशात, काही हयात नसतात आणि वारसनोंद झालेली नसते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळांची नावे असतात. कुळाने कूळकायद्याने मिळवलेली जमीन विकताना जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट असू शकते. काही डोंगरउतार १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याखाली सरकारजमा झालेले असतात आणि त्याची नोंद फेरफारात उशिरा उमटते. नव्या इमारतीचा फ्लॅट घेणारा सहसा फक्त इमारतीचे कागद पाहतो. प्रत्यक्षात इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिचे तीस वर्षांचे फेरफार, बिगरशेती आदेश आणि बिल्डर मूळ मालक आहे की विकसन करारावर काम करतो आहे, हे पाहणे त्याहून गरजेचे आहे. हे काम त्याच जिल्ह्यातल्या, बिल्डरशी संबंध नसलेल्या वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेऊन करावे. बिल्डरने पुढे केलेला सर्च रिपोर्ट म्हणजे परीक्षार्थीने स्वतः तपासलेली उत्तरपत्रिका.

रेराचे संरक्षण आणि त्याच्या मर्यादा

इमारत पुरी होण्याआधी फ्लॅट घेणाऱ्याला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, बराच आधार दिला. महाराष्ट्रात महारेराचे काम मे २०१७ पासून सुरू आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणे सक्तीचे आहे. तो मोबाइलवर उघडला, की प्रकल्पाची सगळी नोंद न्यू जर्सीतूनही वाचता येते. मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, चालू खटले, किती फ्लॅट विकले गेले आणि दर तिमाहीला काम किती झाले, हे सगळे तिथे असते. दूर बसलेल्या माणसाला त्या तिमाही नोंदींइतका उपयोगी दुसरा कागद नाही.

ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग बिल्डरला वेगळ्या बँक खात्यात ठेवावा लागतो आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांवर, कामाच्या प्रमाणातच तो काढता येतो. किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याआधी घेता येत नाही. परदेशस्थांकडून ‘तुम्ही पुन्हा कधी येणार, आत्ताच अर्धे भरून टाका’ म्हणून मोठी रक्कम मागण्याची पद्धत याच कलमाचा भंग आहे. चटई क्षेत्राची व्याख्याही कायद्यात आहे: आतल्या भिंती धरून घरातली वापरायची जागा मोजली जाते, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि स्वतंत्र गच्ची मोजली जात नाही. समुद्रासमोरच्या फ्लॅटची सगळी मोहिनी बाल्कनीत असते आणि दरही तिच्यामुळेच चढतो. म्हणून दोन प्रकल्पांची तुलना करताना चटई क्षेत्र आणि बाल्कनी यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत.

समुद्र दिसण्याबद्दल कायद्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट यांवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला त्यातले विधान खोटे निघाल्यास भरपाई मागता येते, आणि व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास व्याजासह पैसे परत मागता येतात. मात्र समोरचा भूखंड दुसऱ्या मालकाचा असेल आणि त्याने उद्या कायदेशीर इमारत बांधली, तर दृश्य हरवल्याची तक्रार टिकणे कठीण. त्यासाठी समोरच्या जमिनीचा विकास आराखड्यातला झोन आधीच पाहावा. ना विकास क्षेत्राच्या लगेच मागे असलेली इमारत या बाबतीत सर्वांत सुरक्षित.

ताबा ठरल्या तारखेला मिळाला नाही, तर ग्राहकाला व्यवहार सोडून सव्याज परतावा मागता येतो किंवा ताबा मिळेपर्यंत व्याज घेता येते. परताव्याचा हा हक्क बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबर २०२१ च्या न्यूटेक प्रमोटर्स निकालात सांगितले. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष दिसला, तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. रेराची नोंदणी म्हणजे परवानग्या खऱ्या असल्याची हमी नाही. कल्याण-डोंबिवली परिसरात बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींनी महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. संकेतस्थळावर चढवलेले बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र ज्या नगरपरिषदेने किंवा नियोजन प्राधिकरणाने दिले म्हणतात, त्या कार्यालयात त्याचा जावक क्रमांक ताडून पाहणे, हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते कोणाकडून तरी करून घ्यावेच.

खारा वारा

समुद्राजवळ काँक्रीट वेगळ्या रीतीने म्हातारे होते. हवेतले क्षार ओलाव्याबरोबर काँक्रीटमध्ये शिरतात आणि आतल्या लोखंडापर्यंत पोचतात. गंजलेले लोखंड फुगते आणि बाहेरचे काँक्रीट फोडते. मग स्लॅबच्या खपल्या पडू लागतात. यावर उपाय दोनच: काँक्रीट घट्ट असणे आणि लोखंडावरचा थर जाड असणे. काँक्रीटसाठीचे भारतीय मानक आयएस ४५६ (२०००) किनारी हवेला ‘तीव्र’ वर्गात धरते आणि सलोह काँक्रीटसाठी किमान एम-३० प्रत व ४५ मिलिमीटरचे आवरण सांगते. लाटांचे तुषार थेट लागत असतील, तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. जाहिरातीतल्या इटालियन फरशीपेक्षा हे दोन आकडे घराचे आयुष्य ठरवतात, आणि ते करारनाम्याच्या परिशिष्टात लिहून घेता येतात. खिडक्यांच्या चौकटी, रेलिंग, लिफ्टचे भाग, वातानुकूलन यंत्राचे बाहेरचे युनिट हे सगळे शहरातल्यापेक्षा लवकर झिजते. वर्षाचे दहा महिने बंद राहणाऱ्या घरात तर बुरशीही धरते. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात, तर मे २०२१ मधल्या ‘तौक्ते’ने सिंधुदुर्गात छपरे, माड आणि विजेचे खांब झोडपून काढले. नवी इमारत पाहायला डिसेंबरात सगळेच जातात. तिच्या आसपासच्या दहा वर्षे जुन्या इमारतीच्या गच्चीखालचा फ्लॅट जुलै महिन्यात एकदा पाहावा.

पैसा, सही आणि ताबा

खरेदीची रक्कम परदेशातून बँकेमार्फत आलेली असावी किंवा अनिवासी खात्यांतून, म्हणजे एनआरई, एनआरओ किंवा एफसीएनआर खात्यातून, दिलेली असावी. परदेशी नोटा किंवा ट्रॅव्हलर्स चेक चालत नाहीत. गावाकडे ठेवलेली रोख तर अजिबात नाही. भारतीय बँका अनिवासींना रुपयांत गृहकर्ज देतात आणि त्याचे हप्ते भारतातला जवळचा नातेवाईकही भरू शकतो. पॅन क्रमांक लागतो. फ्लॅटची किंमत ५० लाख रुपये किंवा त्याहून जास्त असेल आणि विकणारा निवासी असेल, तर एक टक्का कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. विकणारा स्वतः अनिवासी असेल, तर कपात याहून बरीच मोठी असते आणि ती चुकली तर वसुली घेणाऱ्याकडून होते.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्यावर १ टक्का. पूर्णत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर प्रथमच विकल्या जाणाऱ्या फ्लॅटवर जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि वार्षिक बाजारमूल्य तक्त्यातली किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. त्याचा दर जागा महापालिकेत आहे की ग्रामपंचायतीत, यावर बदलतो. महाराष्ट्रात निवासी खरेदी केवळ महिलेच्या नावाने असेल तर एक टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क एक टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार रुपये.

दुय्यम निबंधकासमोर स्वतः येणे जमत नसेल, तर कुलमुखत्यारपत्र करावे लागते. ते भारतीय वकिलातीत किंवा स्थानिक नोटरीसमोर करून त्यावर ॲपोस्टील घेता येते. भारत त्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ पासून आहे. परदेशात केलेले मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुखत्यार बहुधा भाऊ, मेहुणा किंवा काका असतो आणि नात्यातला विश्वास म्हणून ‘सर्व अधिकार’ लिहून दिले जातात. तसे करू नये. एका ठरावीक फ्लॅटच्या खरेदीपुरते, विक्रीचा आणि गहाणाचा अधिकार वगळून, मुदत घालून लिहिलेले मुखत्यारपत्र नात्यालाही जपते.

भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर दोन महिन्यांत ताबा घेणे हे ग्राहकाचेही कर्तव्य आहे. ते प्रमाणपत्र नसताना ‘फिटिंगसाठी ताबा’ म्हणून दिलेली किल्ली घेऊ नये. त्या इमारतीला पाण्याची कायम जोडणी आणि वापराची परवानगी कधी मिळेल, हे मग कोणीच सांगत नाही. फ्लॅट नावावर झाला तरी जमीन बिल्डरच्याच नावावर राहते. ती गृहनिर्माण संस्थेच्या नावावर करून देणे, म्हणजे अभिहस्तांतरण, हे शेवटचे पाऊल. बिल्डरने टाळाटाळ केली, तर संस्थेला जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. पण त्यासाठी सभासदांनी ठराव करावा लागतो, आणि ज्या इमारतीतले बहुतेक सभासद दुबई, लंडन आणि पुण्यात असतात तिथे सभेला कोरम भरत नाही. किनाऱ्यावरच्या सुट्टीच्या घरांच्या संस्था या एका कारणाने वर्षानुवर्षे जमिनीविना राहतात.

घर पुढे विकायचे झाले, तर ते भारतातल्या निवासी माणसाला, अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला विकता येते. चोवीस महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे. जुन्या घरांसाठी निर्देशांकाचा जो पर्याय निवासी व्यक्तींना ठेवला आहे, तो अनिवासींना नाही. परकीय चलनातून घेतलेल्या घराची मूळ गुंतवणूक परदेशी परत नेता येते, पण ही सोय निवासी मालमत्तांच्या बाबतीत दोन घरांपुरती आहे. त्यावरची रक्कम एनआरओ खात्यात जाते आणि तिथून कर भरून, एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरच्या मर्यादेत बाहेर पाठवता येते. त्या वेळी बँक पहिला कागद मागते तो घर घेताना पैसे परदेशातून आल्याच्या दाखल्याचा. तो दाखला रक्कम जमा होते त्याच आठवड्यात बँकेकडून मागून घ्यावा आणि नोंदणीकृत करारनाम्याच्या फायलीतच लावून ठेवावा.